चाळीस मिनिटांचं काम

आवाज मोठा झाला नाही. ते मला अजूनही पटत नाही. सत्तरीचा माणूस जिन्यावरून पडतो तेव्हा घर हादरायला हवं, असं वाटतं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बेसमेंटच्या बाजूने एखादं पोतं घसरावं तसं काहीतरी ऐकू आलं, पाठोपाठ कपड्यांची प्लॅस्टिकची बास्केट गडगडत गेली, आणि मग सगळं शांत. मी "बाबा?" म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. कणकेच्या हातांनीच जिन्याच्या दारात आले, तर बाबा खाली सिमेंटच्या जमिनीवर एका कुशीवर पडलेले होते. धुवायला नेलेले त्यांचे लेंगे पायऱ्यांवर पसरले होते. चष्मा डोळ्यांवरच होता. ते वर माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

"अगं, इथे धरायला काहीच नाही," ते म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही शॉमबर्गला राहत होतो. शिकागोच्या या उपनगरात तेव्हा मक्याची शेतं जाऊन एकामागून एक ऑफिसं उभी राहत होती, आणि त्यातल्याच एका ऑफिसात हे इंजिनीयर होते. हे म्हणजे माझे यजमान. आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आम्ही दोघं, असं आमचं घर. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. साताऱ्याला एकटे राहणारे बाबा पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. निवृत्त हेडमास्तर. पाहुणा म्हणून बसून खाणं त्यांना जमायचं नाही, म्हणून स्वतःचे कपडे मशीनला लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. मशीन बेसमेंटमध्ये. शनिवारची सकाळ होती. हे धाकट्याला पोहायला घेऊन गेले होते.

आता जिन्याचं सांगते.

जिन्याला रेलिंग होतं. आम्ही घर घेतलं तेव्हा होतं. हलायचं, रंग उडाला होता, पण होतं. ते मी काढलं. त्या वर्षीच्या वसंतात कम्युनिटी कॉलेजमध्ये मी संध्याकाळचा सुतारकामाचा कोर्स घेतला होता. वर्गात मी एकटीच बाई, आणि साडी नेसणारी तर त्या इमारतीत एकटीच. शिकवणारे गृहस्थ चांगले होते. त्यांनी माझ्या हातात ओकची एक लांब पट्टी दिली आणि पॉलिश पेपर कसा फिरवायचा ते दाखवलं. तीन आठवडे मी त्या पट्टीने झपाटले होते. लाकूड गुळगुळीत होत जातं तेव्हा हाताला जे सुख मिळतं ते सांगून कळायचं नाही. हे आमच्या जिन्याचं नवं रेलिंग, असं मी जाहीर केलं. जुनं उपटून टाकलं. भिंतीवर नवे पितळी ब्रॅकेटसुद्धा बसवले, तीन. मग गॅरेजमध्ये सुतार वापरतात तशा दोन लाकडी घोड्यांवर पट्टी आडवी ठेवून व्हार्निशचा पहिला हात दिला. दुसरा हात दोन दिवसांनी द्यायचा होता.

त्या दोन दिवसांत मला सिरॅमिक्सच्या वर्गाचं पत्रक मिळालं.

माझं हे असंच होतं. या देशात आले तेव्हा माझ्याकडे वनस्पतीशास्त्राची एम.एस्सी. होती आणि नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवस मोठे असायचे. कुठूनतरी सुरुवात करायला हवी म्हणून मी विणकामापासून केली, आणि मग काही थांबले नाही. स्पॅनिशच्या बारा कॅसेट आणल्या. तिसऱ्या कॅसेटपर्यंत मी बाजारात जाऊन बटाटे मागू शकत होते, चौथीचं प्लॅस्टिकही उघडलं नाही. घरं विकण्याच्या लायसन्सचा अभ्यास केला आणि परीक्षेच्या आठवड्यात गिटार घेतली. बेसमेंटमध्ये फोटो धुण्यासाठी डार्करूम करायची म्हणून एका कोपऱ्याला काळे पडदे लावले. त्या काळ्या पडद्यांमागे नंतर न भाजलेले मातीचे नऊ वाडगे येऊन बसले. प्रत्येक वेळी मला मनापासून वाटायचं की हेच ते, आता सापडलं. खोटं नव्हतं काही. ते वाटणं संपायचं, एवढंच. आणि संपलं की त्या वस्तूकडे बघवायचं नाही. मी ती खाली ठेवून यायचे.

इथल्या मराठी मंडळातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "हिला किती गोष्टी येतात!" मीही तसंच समजून चालले होते.

अॅम्ब्युलन्स मी फोन केल्यावर सात-आठ मिनिटांत आली असेल. दोन तरुण माणसं होती. बाबांचा एक पाय आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूला वळला होता, ते बघून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण बाबांशी बोलत राहिला. बाबा त्याला अगदी शुद्ध, शाळेतल्या इंग्रजीत उत्तरं देत होते आणि मध्ये मध्ये ओठ घट्ट मिटत होते. दुसरा पायऱ्या वर चढून आला. भिंतीवरचे तीन रिकामे ब्रॅकेट बघून त्याने विचारलं, रेलिंग कुठे गेलं?

मी तोंड उघडायच्या आत मुलगी बोलली. ती जिन्याच्या दाराशी उभी होती हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"माय मॉम इज स्टिल मेकिंग इट," ती म्हणाली. आणि मग त्या परक्या माणसाला तिने सगळं समजावून सांगितलं, अगदी शहाण्यासारखं. आम्ही या जिन्यावर उभं राहून उतरत नाही, बसून उतरतो. मी माझ्या भावाला शिकवलंय. एकदा तो घसरला होता, म्हणून आमचा हा रूल आहे. पण आजोबांना रूल सांगायचा राहिला. आय फरगॉट टु टेल हिम. आणि ती रडायला लागली.

मला जे वाटलं त्याला धक्का हा शब्द फार लहान आहे. मुलं बसून, एकेक पायरी ढुंगणावर आपटत उतरायची हे मला माहीत होतं. मी ते महिनोन्‌महिने बघत होते. मला तो त्यांचा खेळ वाटायचा. मी हसायचे. त्याचा एक फोटोही काढला होता मी. आठ वर्षांच्या मुलीने माझ्या अर्धवट कामाभोवती एक नियम बांधला, धाकट्याला तो शिकवला, आणि मला काही बोलली नाही. आणि आज आजोबा पडले तर तिला स्वतःची चूक वाटत होती.

मी तिला जवळ घेतलं. हातांना कणीक वाळून चिकटली होती, ती तिच्या केसांना लागली. "तुझी नाही गं चूक, तुझी नाही," मी म्हणत होते. ती हुंदके देत इंग्रजीत म्हणत होती की पण मला माहीत होतं, आय न्यू.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. हे पोहण्याच्या तलावावरून परस्पर हॉस्पिटलमध्ये आले, धाकट्याचे केस ओलेच होते. बाबांना आत नेल्यावर आम्ही चौघं एका बाकावर बसलो. डॉक्टर आले, गेले. मंडळातल्या एक काकू डबा घेऊन आल्या. मी ज्याला त्याला सांगत होते, "रेलिंग मी काढलं होतं." आणि जो तो म्हणत होता, "अगं, अपघात आहे तो. असं मनाला लावून घेऊ नकोस." नर्सही तेच म्हणाली. कोणीही माझं ऐकून घेत नव्हतं. गुन्हा कबूल करायला जावं आणि चौकीतल्या सगळ्यांनी चहा पाजून परत पाठवावं, तसं काहीतरी चाललं होतं.

ऑपरेशन नीट झालं, बाबा शुद्धीवर आले, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कपडे आणायला म्हणून मी एकटी घरी आले. स्वयंपाकघरात परातीतल्या कणकेवर वाळून पापुद्रा धरला होता. मी सरळ गॅरेजमध्ये गेले. पट्टी होती तिथेच होती, दोन घोड्यांवर. वर धूळ साठली होती आणि एका टोकाला कोळ्याने जाळं विणलं होतं. मी ती कापडाने पुसली. व्हार्निशचा दुसरा हात वगैरे काही दिला नाही. तशीच खांद्यावर टाकून जिन्यात आणली, ब्रॅकेटवर ठेवली, ड्रिलने खालून भोकं पाडली आणि सहा स्क्रू पिळले. पट्टी घट्ट बसली. मी तिच्यावर सगळा भार टाकून पाहिला. जरासुद्धा हलली नाही.

मग घड्याळाकडे पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.

मी पायरीवर बसले. मला वाटत होतं की काम फार मोठं राहिलं आहे. मनात कुठेतरी ते एवढं मोठं झालं होतं की त्याच्याकडे बघायचीच भीती वाटायची. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत रोज मी त्या जिन्यावरून जात होते आणि रोज मनाशी म्हणत होते, एकदा निवांत वेळ मिळाला की. चाळीस मिनिटं! त्यातली दहा तर ड्रिलचं बिट शोधण्यात गेली होती.

हे मला शोधत घरी आले तेव्हा मी तिथेच बसलेली होते. त्यांनी रेलिंग पाहिलं, त्याच्यावरून हात फिरवला.

"तुम्हाला दिसत नव्हतं का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "पाच महिने तुम्ही वर-खाली करत होतात. एकदा तरी म्हणायचं!"

"म्हणणार होतो," ते म्हणाले.

"मग?"

ते माझ्या दोन पायऱ्या वर बसले, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "तू एखादं काम सोडलंस आणि त्याच्याबद्दल कुणी विचारलं, की तुझा चेहरा पडतो. दोन दिवस तू बोलत नाहीस. मला ते बघवत नाही. म्हणून मी विचारणं सोडलं. तू काहीतरी नवीन घेतेस तेव्हा घरात कसं बरं वाटतं."

"किती वर्षांपासून?"

"स्वेटरपासून," ते म्हणाले.

ह्यांच्यासाठी विणायला घेतलेला तो स्वेटर आमच्या पहिल्या हिवाळ्यातला होता. त्याला एकच बाही होती. म्हणजे लग्नाची इतकी वर्षं माझा नवरा माझ्या अवतीभवती जपून, चवड्यांवर चालत होता, मुलगी तेच शिकली होती, आणि मी समजत होते की माझा हा स्वभाव फक्त माझ्यापुरता आहे. कोणाला त्याचा त्रास नाही, कोणाचं काही बिघडत नाही. त्या पायरीवर बसून मी ऐकत होते आणि मला आमचं सगळं घर अनोळखी वाटत होतं.

तीन आठवड्यांनी बाबा घरी आले. फॅमिली रूममध्ये आम्ही त्यांच्यासाठी भाड्याने आणलेला हॉस्पिटलसारखा पलंग टाकला. वॉकर धरून ते खिडकीपर्यंत जायचे, बाहेर पडलेल्या पानांकडे बघायचे आणि परत यायचे. माझ्याशी ते नीट बोलत होते. चहा छान झालाय, आज थंडी आहे, धाकट्याला शिशुगीतं शिकवतो, असं. मी दिवसभर त्यांच्या पुढेमागे करत होते. उशा बदल, पाय चेप, शिरा कर. असे पाच-सहा दिवस गेल्यावर एका दुपारी, मुलं शाळेत आणि हे ऑफिसात असताना, त्यांनी मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं.

"मी तुझ्यावर रागावलोय," ते म्हणाले.

बाबांना शाळेत सगळे घाबरायचे, पण घरात मी त्यांची लाडकी होते. त्यांनी मला आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं की आवाज चढवला नव्हता.

"जावयासमोर बोलायचं नव्हतं, म्हणून थांबलो. सगळे अपघात म्हणतात. डॉक्टरही म्हणाले. अपघात नाही तो. तू रेलिंग काढलंस आणि परत लावलं नाहीस. माझं हाड मोडलं. पुन्हा मी अजिंक्यताऱ्यावर चढणार नाही. हे आपल्या दोघांत स्पष्ट असावं."

"हो बाबा," मी म्हटलं. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला. कोणीतरी एकदाचं माझं म्हणणं खरं मानलं होतं.

"आणि थोडा स्वतःवरही रागावलोय," ते पुढे म्हणाले. "लहानपणी तू दर महिन्याला नवं काहीतरी काढायचीस. आज पानं चिकटवायची वही, उद्या नकाशांची. चार पानं भरली की दुसरी वही मागायचीस. तुझी आई म्हणायची, आधी पहिली भरू दे. मी म्हणायचो, असू दे, पोरीला हौस आहे. आणि नवी आणायचो. मला तुझा तो चेहरा आवडायचा, नवी वही हातात घेतानाचा."

"ह्यांनाही तोच आवडतो," मी म्हटलं.

बाबा हसले. मग खुब्यात कळ आली म्हणून थांबले. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "तू सगळं पूर्ण कर, असं मी सांगत नाही. ते तुला या जन्मी जमायचं नाही. त्या स्वेटरची बाही राहिली तर कोणाचं हाड मोडत नाही. पण ज्याच्यावर दुसऱ्याचा हात टेकणार आहे, पाय पडणार आहे, ते अर्धं सोडायचं नाही. आणि जमणार नसेल तर आधीचं जे आहे ते काढायचंच नाही. एवढं फक्त."

एवढं फक्त! मला ते कबूल होतं, पण मी नेहमीसारखी टोकाला गेले. पुढच्या सोमवारपासून मी ठरवलं की बेसमेंटमधली एकूण एक गोष्ट पुरी करायची. सकाळी बाबांचं आवरलं की खाली जायचे. दुसरी बाही विणली; ती पहिलीपेक्षा बोटभर लांब झाली, कारण मधल्या वर्षांत माझा हात सैल पडला होता. ह्यांनी तो स्वेटर तरीही ऑफिसला घातला. स्पॅनिशची चौथी कॅसेट ऐकली. काळे पडदे उतरवले. वाडगे भाजायला कॉलेजात घेऊन गेले, तर नऊपैकी सहा भट्टीत तडकले. दोन आठवडे हे चाललं आणि एका सकाळी मी गिटार हातात घेऊन बसले असताना माझ्या लक्षात आलं की मला आता हेही नकोसं झालं आहे. पूर्ण करण्याची मोहीमच मी अर्धी सोडत होते. मला हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली. म्हणजे एवढं होऊनही मी बदललेले नव्हते. माझ्या वडिलांचं हाड मोडूनसुद्धा.

मी वर आले आणि बाबांना तसं सांगितलं. त्यांनी पेपरातून मानही वर केली नाही. "गिटार कुणाला तरी देऊन टाक," म्हणाले.

गिटार दिली. कॅसेट लायब्ररीला दिल्या. लायसन्सची पुस्तकं दिली. मुलीला मी समोर बसवून सांगितलं की घरात काहीही धोक्याचं दिसलं तर नियम करायचा नाही, मला येऊन सांगायचं, मी चिडले तरी सांगायचं. तिने विचारलं, "इव्हन इफ यू गेट सॅड?" मी म्हटलं, हो, तरीही. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसायला बराच काळ गेला.

बाबा सहाऐवजी नऊ महिने राहिले. काठी घेऊन चालायला लागले. जाताना एअरपोर्टवर त्यांनी व्हीलचेअर घ्यायला नकार दिला आणि मग लांबलचक कॉरिडॉर बघून मुकाट्याने बसले. वळून माझ्याकडे बघत हात हलवला, तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीचाच होता, प्रेमाचा. पण बसताना त्यांनी पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवला ते मी पाहिलं, आणि ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतरच्या वसंतात मी स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं रंगवायला घेतली. पाच दारं बिजागऱ्यांतून काढली, तीन रंगवली, आणि जॅपनीज पद्धतीने फुलं रचण्याच्या एका वर्गाबद्दल ऐकलं. दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी हे चहाचा कप घेऊन ओट्याशी आले आणि खाली, सिंकखालच्या उघड्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे तुझी पाइप साफ करायची औषधं ठेवलीयेत. दार नाहीये. धाकटा हात घालेल. आज लाव, नाहीतर मी माणूस बोलावतो."

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच असं म्हणत होते. माझा चेहरा पडला, ते मला आतूनच कळलं. राग आला, अगदी भरभरून. दोन दिवस मी काही बोलले नसते, आणि ते त्यांना ठाऊक होतं, तरी तिथून हलले नाहीत. कप हातात धरून उभेच राहिले.

मी बाटल्या उचलून वरच्या फळीवर ठेवल्या. मग फोनजवळची डिरेक्टरी काढली, ओट्यावर त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "बोलवा."